जैव निर्देशक शिंपले

पाण्याचे प्रदूषण ओळखण्यासाठी शिंपले, कालवे, शिणाणे इ. मृदुकाय प्राण्यांचा केलेला उपयोग. हे प्राणी फारसे हलत नाहीत. कल्ल्यांतून पाणी गाळून अन्न मिळवताना शिसे, कॅडमियम, पारा व कीटकनाशके यांचे अंश त्यांच्या ऊतींत साठतात. बाटलीतील नमुना त्या घटकेपुरता बोलतो. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळच्या बाटलीत सापडेलच असे नाही. शिंपल्याच्या मांसात मात्र आठवड्यांचा, कधी महिन्यांचा हिशेब राहतो.

पद्धतीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. कोल्कविट्स व मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८–०९ च्या सुमारास सेंद्रिय प्रदूषण सोसण्याच्या क्षमतेनुसार जलचरांची वर्गवारी केली. काहींच्या मते उगम तेथेच. परंतु त्यांचा भर कोणती जाती आढळते यावर होता, शरीरात काय साठते यावर नव्हता. साठा मोजण्याची जागतिक योजना अमेरिकन सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये सुचवली आणि अमेरिकेत १९८६ पासून तसे किनारी सर्वेक्षण सुरू झाले. शिंपल्यांपुरते श्रेय गोल्डबर्ग यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

आकार, वय व प्रजननकाळ यांनुसार साठा बदलतो. अंडी-शुक्राणू सोडल्यावर वजन घटते व आकडे फसवतात. म्हणून एकाच आकाराचे प्राणी एकाच हंगामात घेऊन शुष्क वजनावर मापन करतात. साठ्याखेरीज वागणुकीवरूनही प्रदूषण ओळखतात : पोलंडमधील वॉर्सा येथे शिंपल्यांची पुटे (कवचाचे दोन भाग) मिटताच जलकेंद्रात इशारा मिळतो.

बडोद्याच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, म्हणून नदी निरोगी, असा समज योग्य नाही. मगर हवेत श्वास घेते. शिंपल्याला पाण्यातल्याच प्राणवायूवर जगावे लागते. भारतात गोड्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर आढळणारी लॅमेलिडेन्स ही प्रजाती येथे उपयोगी ठरेल. शहराच्या वर व खाली जाळीच्या पिंजऱ्यांत सारखे शिंपले ठेवून तुलना केल्यास शहराने नदीत घातलेली भर वेगळी काढता येते. या नदीचे एवढे तरी ऋण फेडायला हवे.

बडोदे परिसराचे औद्योगिक सांडपाणी सुमारे ५५ किमी. लांबीच्या कालव्याने मही नदीच्या मुखाकडे सारोद गावापर्यंत जाते. मही जेथे मिळते त्या खंभातच्या आखाताचे पाणी गढूळ असल्याने शिंपल्याच्या आतड्यातील गाळही धातूंचे आकडे फुगवतो. त्यामुळे परीक्षणापूर्वी प्राणी एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवून आतडे रिकामे होऊ देतात.