‘प्रशासकीय खर्च’ या शीर्षाखालचा संगणक : पार्श्वभूमी

स्वयंसेवी संस्थांच्या कचेऱ्यांत संगणक इंटरनेटच्या आधीच आला होता. देणगीदाराला पाठवायचा अहवाल आणि जमाखर्चाचा ताळेबंद एवढेच त्याचे काम असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले झाले ते मुंबईसारख्या मोजक्या महानगरांत, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या संस्थांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होण्यास बरीच वर्षे गेली.

मराठी मजकुराची अडचण वेगळी होती. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टची अक्षररचना परस्परांहून भिन्न असल्याने एका कचेरीत टंकलेला मजकूर दुसऱ्या कचेरीत निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटत असे. सर्व लिप्यांच्या अक्षरांना एकच ठरावीक संकेत देणाऱ्या युनिकोड या पद्धतीच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि विंडोज २००० मध्ये तिला आधारही मिळाला; परंतु पुस्तिका आणि भित्तिपत्रके छापणारे व्यावसायिक जुन्याच फॉन्टवर काम करत राहिल्याने संस्थांनाही दोन्ही पद्धती बाळगाव्या लागल्या.

संस्थेतल्या कोणाच्या हाती कोणते यंत्र येते, हे मात्र तंत्रज्ञानाच्या उपलब्धतेपेक्षा हिशेबातल्या एका संज्ञेने अधिक ठरवले, आणि ती संज्ञा म्हणजे ‘प्रशासकीय खर्च’. विदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या २०१० च्या कायद्याने या खर्चाला मिळालेल्या देणगीच्या ५० टक्के एवढी मर्यादा घातली. त्याखालील २०११ च्या नियमांनी दूरध्वनी, वीज, टपाल, छपाई, कार्यालयीन उपकरणे, हिशेब ठेवणे, एवढेच नव्हे तर अहवाल लिहून सादर करण्याचा खर्चही याच शीर्षात घातला. रुग्णालयातील डॉक्टर आणि शाळेतील शिक्षक यांचे वेतन, तसेच संस्थेच्या उद्दिष्टांसाठी थेट होणारा खर्च या शीर्षातून वगळला गेला. नियमाचा हेतू स्पष्ट आहे: देणगीचा मोठा भाग लोकांपर्यंत पोहोचावा आणि पदाधिकाऱ्यांच्या सोयींवर खर्च होऊ नये. त्या हेतूबद्दल कोणाचाही वाद नाही.

प्रश्न उभा राहतो तो दोन्हींच्या मधल्या वस्तूंबाबत. आरोग्य कार्यकर्ती पाड्यावर जाऊन बाळाचे वजन टॅबलेटवर नोंदवते तेव्हा तो टॅबलेट कार्यालयीन उपकरण असतो की उद्दिष्टासाठी थेट केलेला खर्च? त्यातल्या सिमकार्डाचे रिचार्ज दूरध्वनीच्या खर्चात धरायचे की कार्यक्रमाच्या? वहीवरची नोंद कचेरीतल्या संगणकावर भरणाऱ्या व्यक्तीचे वेतन कोणत्या बाजूला मांडायचे? लेखापरीक्षक बदलला की उत्तर बदलण्याची शक्यता उरते, म्हणून सावध संस्था संशयास्पद खर्च प्रशासकीय शीर्षातच टाकतात आणि मग तो कमी करतात. ५० टक्क्यांची मर्यादा असताना ही संदिग्धता निभावून जात होती. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ती मर्यादा २० टक्क्यांवर आणली, आणि तीही टाळेबंदीमुळे गावोगावचे काम फोनवर व व्हिडिओ बैठकांवर चालवावे लागत होते त्या महिन्यांत. याच दुरुस्तीने विदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण मनाई केली, त्यामुळे मोठ्या संस्थेने तिच्या अनुदानातून लहान संस्थेला लॅपटॉप आणि इंटरनेटसाठी निधी द्यावा हा मार्गही बंद झाला.

दुसरीकडे शासकीय अनुपालन वेगाने ऑनलाइन होत गेले. विदेशी देणगीचे वार्षिक विवरणपत्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर ऑनलाइन भरावे लागते. एप्रिल २०२१ पासून कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घेणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ हा ऑनलाइन अर्ज बंधनकारक झाला. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून करसवलतीस पात्र देणगीदाराचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक आणि देणगीची रक्कम ही माहिती ‘१०बीडी’ या विवरणपत्रात भरून आयकर विभागाला पाठवणे बंधनकारक झाले. म्हणजे ऑनलाइन येण्याची सक्ती वाढली, परंतु त्यासाठी लागणाऱ्या साधनांकडे पाहण्याची हिशेबाची दृष्टी पूर्वीचीच राहिली. लहान संस्थांवर याचा भार विषम पडतो, कारण विवरणपत्रे मोठ्या संस्थेइतकीच भरावी लागतात आणि ती भरणारा माणूस व संगणक मात्र एकच असतो.

या कोंडीतून जी व्यवस्था निघाली ती आज सर्वत्र दिसते. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला, आणि कार्यकर्त्याचा स्वतःचा फोन हेच संस्थेचे मुख्य यंत्र बनले. उपस्थितीची छायाचित्रे, लाभार्थ्यांच्या याद्या, आधारपत्रांच्या प्रती व्हॉट्सअॅपवरून कचेरीत जातात आणि त्या फोनमध्येही राहतात; कार्यकर्ता संस्था सोडून गेला तरी राहतात. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अशा माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. ती पार पाडायची तर संस्थेच्या मालकीचे फोन घ्यावे लागतील, खाती वेगळी ठेवावी लागतील आणि ती सांभाळणारी जाणकार व्यक्ती नेमावी लागेल. आणि या तिन्हींचा खर्च कोणत्या शीर्षात मांडायचा, हा प्रश्न २०११ च्या नियमांपाशीच येऊन थांबतो.