रेणूकडे जायचा रस्ता आणि लोट्याची एमआयडीसी

मुंबई-गोवा महामार्गाने खेड मागे टाकलं की परशुराम घाटाच्या आधी लोटे-परशुरामची एमआयडीसी लागते. महाड, रोहे-धाटाव, लोटे, या तिन्ही वसाहती रसायनांच्या. इथून जे ड्रम बाहेर पडतात त्यांत पुष्कळदा तयार औषध नसतं, तर ‘इंटरमिजिएट’ असतं. म्हणजे औषधाच्या किंवा रंगाच्या वाटेवरचा अर्धवट रेणू. ही वाट आखायचं शास्त्र मात्र वाटतं तितकं जुनं नाही.

सुरुवात 1828 ची सांगतात. फ्रेडरिक व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला, आणि सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतात या समजुतीला तडा गेला. 1856 मध्ये लंडनच्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला मलेरियावरचं क्विनीन हवं होतं. रेणूची रचना तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. अणूंची नुसती बेरीज जुळते म्हणून त्याने प्रयोग केला. क्विनीन मिळालं नाही. मग अॅनिलीनवर तोच प्रकार केला, तेव्हा जांभळा रंग हाती आला आणि त्यावर अख्खा रंगउद्योग उभा राहिला. (हेच अॅनिलीन आपल्याकडे बनवायला 1960 मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स रायगडात आली. त्या गावाला आज रसायनीच म्हणतात.)

पुढची शंभर वर्षं संश्लेषण, म्हणजे साध्या तुकड्यांतून रेणू बांधणं, झालं ते बुद्धीवर आणि अंदाजावर. रिशार्ट विल्श्टेटरने 1901 मध्ये ट्रोपिनोन बनवलं, पण पायऱ्या इतक्या की शेवटी यील्ड, म्हणजे अपेक्षेच्या तुलनेत हाती येणारा माल, एक टक्काही उरलं नाही. 1917 मध्ये रॉबर्ट रॉबिन्सनने तोच रेणू कागदावर मनाने फोडून पाहिला, तीन साधे तुकडे ओळखले आणि एकाच भांड्यात जोडले. प्लांटवरच्या माणसाला यातलं मर्म लगेच कळेल. प्रत्येक पायरीला 90 टक्के यील्ड म्हणजे उत्तमच. पण अशा दहा पायऱ्या झाल्या की हाती येतात फक्त 35 टक्के. 80 टक्क्यांनी तर जेमतेम 11.

रॉबिन्सनची युक्ती त्या एका रेणूपुरतीच राहिली. तिची शिस्तबद्ध पद्धत केली ती हार्वर्डच्या इलायस कोरी यांनी, 1960 च्या दशकात. गणपतीला घरी पोचायचंय म्हणून चाकरमानी चतुर्थीपासून मागे मोजत रेल्वेचं तिकीट काढतो, तसा हा हिशोब: हव्या त्या रेणूपासून मागे यायचं. पॅरासिटामॉल घ्या. त्यातला नायट्रोजन आणि त्याच्या शेजारचा कार्बोनिल (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला) कार्बन यांच्यातला बंध कागदावर तोडला की एका बाजूला पॅरा-अमिनोफेनॉल, दुसऱ्या बाजूला अॅसेटिक अॅनहायड्राइड. पॅरा-अमिनोफेनॉल अजून मागे नेलं की नायट्रोबेंझिन, त्यामागे बेंझिन, म्हणजे बाजारात टँकरने मिळणारा माल. मधला प्रत्येक थांबा हा कोणाच्या तरी कारखान्याचा धंदा असतो. 1969 मध्ये कोरी आणि विपके यांनी हे तोडकाम संगणकाकडूनही करून घेतलं, आणि 1990 चं नोबेल कोरींना मिळालं.

एक गोष्ट मात्र या पद्धतीत बराच काळ मोजलीच जात नव्हती: वाटेत काय टाकून द्यावं लागतं. 1991 मध्ये बॅरी ट्रॉस्ट यांनी विचारलं की घातलेले अणू मालात किती उतरतात. पुढच्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी आकडा मांडला की औषधउद्योगात एक किलो मालामागे 25 ते 100 किलो कचरा निघतो. आयबुप्रोफेनचा जुना मार्ग सहा पायऱ्यांचा. त्यात घातलेल्या वजनातलं जेमतेम 40 टक्के गोळीत उतरायचं. 1990 च्या दशकातला नवा मार्ग तीन पायऱ्यांचा, त्यात 77 टक्के उतरतं. कच्चा माल दोन्हीकडे तोच, आयसोब्युटिलबेंझिन.

दाभोळ खाडीच्या मच्छीमारांची एमआयडीसीच्या सांडपाण्याबद्दलची तक्रार जुनी आहे, आणि तिच्यावरची चर्चा नेहमी सगळ्या कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रापाशी जाऊन थांबते. माझ्या मते ती दोन पावलं मागून सुरू व्हायला हवी, कारण कचरा किती निघणार हे बरंचसं कागदावर बंध कुठे तोडला यावर ठरतं. अडचण अशी, की तो कागद लोट्यात क्वचितच लिहिला जातो. दुसऱ्यासाठी माल बनवणाऱ्या कारखान्याला मार्ग ठरवूनच मिळतो. औषधाच्या मंजुरीत तो एकदा नोंदला गेला, की बदलण्यासाठी पुन्हा कागदपत्रं, पुन्हा अशुद्धींच्या तपासण्या, पुन्हा परवानगी. मग बरा मार्ग सापडला तरी रिअॅक्टरमध्ये जुनाच चालू राहतो.