जॅझ : आरंभकाळ

जॅझ संगीताचा उगम अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, साधारणपणे १८९५ ते १९१७ या काळात, कृष्णवर्णीय आणि क्रिओल (मिश्र वंशाच्या) वादकांच्या हातून झाला, असे मानले जाते. ब्लूज (कृष्णवर्णीयांची दुःखगीते), रॅगटाइम (तुटक लयीचे पियानोसंगीत), चर्चमधील समूहगान आणि मिरवणुकीतले ब्रास बँड यांचे संस्कार त्यात दिसतात.

‘जॅझ’ शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. फ्रेंच क्रियापद, आफ्रिकी धातू, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचे अत्तर अशी मुळे सुचवली गेली. पुरावा कोणत्याच मताला पुरेसा नाही. छापील उल्लेख वेगळेच सांगतात. १९१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्रात बेन हेंडरसन या बेसबॉलपटूने आपल्या हेलकावत जाणाऱ्या चेंडूला ‘जॅझ बॉल’ म्हटले. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो जोम, उत्साह या अर्थाने आढळतो. संगीताला तो लागला १९१५ च्या सुमारास, शिकागोत. म्हणजे शब्द पश्चिम किनाऱ्यावरचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. न्यू ऑर्लिन्सचे जुने वादक तर आपल्या वादनाला ‘रॅगटाइम’च म्हणत.

पहिला जॅझवादक म्हणून कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य) वाजवणाऱ्या बडी बोल्डेन (१८७७–१९३१) याचे नाव घेतले जाते. तो न्हावी होता व वृत्तपत्र चालवी, ही जुन्या ग्रंथांतली माहिती त्याचे चरित्रकार डोनाल्ड मार्क्विस यांच्या संशोधनानंतर (१९७८) टिकत नाही. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथेच त्याचा अंत झाला. त्याचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्याच्या कॉर्नेटच्या दणदणीत आवाजाविषयी जे सांगतात, ते सारे आठवणींवर आधारलेले आहे. पियानोवादक जेली रोल मॉर्टन याने १९०२ मध्ये आपणच जॅझ शोधून काढल्याचा दावा १९३८ मध्ये केला. तो अतिशयोक्त खरा, पण जॅझची रचना कागदावर बांधणाऱ्या पहिल्या रचनाकारांत त्याची गणना होते.

जॅझची पहिली तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. वादक ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’चे पाच गोरे तरुण होते. तिच्या एका बाजूला क्लॅरिनेट कोंबड्यासारखे आरवते, कॉर्नेट घोड्यासारखे खिंकाळते, तर ट्रॉम्बोन गाईसारखे हंबरते. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांचे मुद्रण त्यानंतर, १९२२ मध्ये, ट्रॉम्बोनवादक किड ओरीच्या बँडने लॉस एंजेलिसमध्ये केले. तबकड्यांच्या क्रमावरून इतिहास लिहिल्यास तो उलटा होतो.

न्यू ऑर्लिन्समधील स्टोरीव्हिल ही वेश्यावस्ती १९१७ मध्ये बंद झाल्यामुळे वादक शिकागोला गेले, हे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे आहे. मॉर्टनसारखे काहीजण त्याआधीच शहर सोडून गेले होते. उत्तरेतील कामधंदा हे कारण अधिक वजनदार दिसते. शिकागोत कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये लुई आर्मस्ट्राँग दुसरा कॉर्नेट वाजवी. १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे ध्वनिमुद्रणासाठी सर्वजण एकाच कर्ण्यापुढे उभे राहून वाजवत असताना आर्मस्ट्राँगचा आवाज इतरांना झाकून टाकी, म्हणून त्याला मागे लांब उभे केले, असे सांगतात. त्याची जन्मतारीख ४ जुलै १९०० अशी तो स्वतः सांगे; बाप्तिस्म्याच्या नोंदीत ती ४ ऑगस्ट १९०१ आहे व तीच आता स्वीकारली जाते. १९२५ पासूनच्या त्याच्या ‘हॉट फाइव्ह’ या बँडच्या मुद्रणांत सामूहिक वादनाची जागा एकल वादनाने घेतली.

मुंबईत १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी या अमेरिकी कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोव्याचे वादक पुढे या संगीताकडे वळले.