गिनी पिग गप बसलाय? आधी हे वाचा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून गिनी पिग किंवा त्याचं गवत नेणाऱ्या प्रत्येकासाठी हा कागद आहे. पिंजरा कुठे ठेवायचा, खालचा भुसा कधी बदलायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. हा कागद आम्ही एका फोनपायी छापला. तो बहुतेक रात्री जेवणं उरकल्यावर येतो आणि शब्दही ठरलेले असतात: "दादा, परवापासून जरा गप आहे. तसा काही त्रास नाही, नुसता कोपऱ्यात बसून राहतोय. काहून खाईना काय माहीत. दुकानात काही औषध आहे का?"

परवापासून म्हणजे दीड-दोन दिवस गेले. गिनी पिगच्या पोटाला एवढा वेळ परवडत नाही. बारा तास त्याने काही खाल्लं नाही की आतडं मंदावायला लागतं, चोवीस तासांनी जिवावर बेतू शकतं. तुम्ही रात्री दहाला फोन करता तेव्हा दवाखाने बंद झालेले असतात. म्हणून विनंती एकच आहे. सकाळचं खाणं संध्याकाळी तसंच पडलेलं दिसलं, तर "उद्या बघू" म्हणू नका.

याचं पोट म्हशीसारखं नाही

पावसाळ्यात कोवळं गवत खाऊन म्हैस फुगलेली आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेली असते. त्यामुळे पोट फुगणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण म्हैस चारा पुढच्या पोटात आंबवते आणि रवंथ करते. गिनी पिगचा चारा मागे आंबतो, लहान आतडं संपतं तिथल्या मोठ्या पिशवीत. तिथले जिवाणू काडी-गवत पचवतात आणि त्यांना सतत नवा चारा लागतो. म्हणूनच हा प्राणी दिवसरात्र थोडं थोडं कुरतडत असतो. त्याला उलटी करता येत नाही. बिघडलेलं बाहेर टाकायची सोय नाही, जे आहे ते पुढेच सरकायला हवं.

खाणं थांबलं की आतड्याची हालचाल थांबते आणि आत वायू साठतो. वायूने पोट दुखतं आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. सुरुवात कुठूनही होऊ दे, दात, मूतखडा, ऊन किंवा दिवाळीचे फटाके, पुढचा रस्ता हाच असतो. दातांकडे तर कुणी बघतच नाही. याचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. ते वाकडे वाढले की जिभेला, गालाला टोचतात. मग तो भांड्यापाशी येतो, वास घेतो, तोंडात धरतो आणि सोडून देतो. लोक म्हणतात, "भूक नाही." भूक असते, पण चावताना दुखतं.

दुखतंय हे ओळखायचं कसं

कुत्रं दुखलं की केकाटतं, मांजर गुरगुरतं. गिनी पिग शिकार होणाऱ्या जातीचा, दुखणं दाखवलं तर आधी त्यालाच उचलून नेणार. म्हणून तो लपवतो. तुम्हाला जे शांत बसणं वाटतं, तेच बहुतेक वेळा दुखण्याचं लक्षण असतं.

बसण्याची ढब बघा. पाठीला कुबड काढून, अंगाचा गोळा करून, केस पिंजारून बसलाय का? डोळे अर्धवट मिटलेत का? तोंड कोपऱ्याकडे आहे का? कान देऊन ऐका, दात करकर वाजताहेत का? कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की एरवी शिट्ट्या मारत जाळीला येणारा गडी आज जागचा हलत नाही, यापेक्षा मोठी खूण नाही. लघवी किंवा शी करताना किंचाळत असेल, लघवीत रक्त दिसलं, तर मूतखड्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग लेंड्या. धडधाकट गिनी पिग दिवसाला शंभराहून जास्त लेंड्या टाकतो, सारख्या आकाराच्या, लांबट, तपकिरी. त्या बारीक, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या झाल्या किंवा एकदम कमी झाल्या, तर आतडं मंदावतंय. मऊ, चिकट झुपके पडलेले दिसले तर तेही बरं नाही. त्या मऊ लेंड्या तो एरवी स्वतःच खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. कुणाला किळस वाटली तरी ते त्याचं जेवण आहे, अडवू नका. पातळ जुलाब मात्र वेगळी गोष्ट. त्यात काही तासांत अंगातलं पाणी जातं. शिवाय आपल्याकडच्या उकाड्यात ओल्या ढुंगणावर माश्या बसतात आणि अळ्या पडतात. हे लिहायला बरं वाटत नाही, पण पाहिलेलं आहे.

सगळ्यात भरवशाचा म्हणजे वजनकाटा. किराणा मोजायचा साधा डिजिटल काटा चालतो. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. मोठा गिनी पिग साधारण 700 ते 1200 ग्रॅम भरतो. आठवड्यात 50 ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं की काहीतरी बिनसलंय, मग तो वरून कितीही गुबगुबीत दिसो. फोनवर आम्ही आधी वजन विचारतो त्याचा काहींना राग येतो. पण "बारीक झालाय" यावरून आम्हाला काहीच कळत नाही, आकड्यावरून कळतं. घरी काटा नसेल तर दुकानात आणा, फुकट करून देतो.

घरचे उपाय करू नका

जनावर फुगलं की घरात गोडेतेल, हिंग, ओवा बाहेर निघतो. इथे नको. एवढ्याशा तोंडात घाईने पाजलेलं तेल श्वासनलिकेत जातं आणि पोटाआधी फुप्फुस बिघडतं.

त्याहून वाईट म्हणजे मेडिकलवरून आणलेलं लेकरांचं सिरप. अमॉक्सिसिलिन, अम्पिसिलिन आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे दिली, तर गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात. वाईट जिवाणू वाढून विष तयार करतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. क्लिंडामायसिनचंही तेच. माणसाला, कुत्र्याला चालणारं औषध याला चालेल असं धरून चालू नका. तापाचं, दुखण्याचं औषधही आपल्या मनाने नको. वेदनाशामक लागतंच, पण ते डॉक्टर वजनावर मोजून देतात.

आता पोटावर हलकेच बोटं ठेवा. ढोलकीसारखं ताणलेलं, टणक लागलं तर तोंडाने काहीही देऊ नका, सरळ निघा. पोट मऊ आहे, फक्त खाणं कमी झालंय, आणि डॉक्टरकडे पोचायला वेळ लागणार असेल, तर पेलेट (गिनी पिगच्या खाद्याच्या दाबून केलेल्या कांड्या) कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा. सुई नसलेल्या 1 मिलीच्या सिरिंजने, तोंडाच्या बाजूने, थेंब थेंब द्या. पाठीवर झोपवून कधीही पाजू नका. ही वाटेतली शिदोरी समजा, इलाज नव्हे.

डॉक्टरांबद्दल स्पष्ट सांगतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशी-शेळ्यांवर बसलेला असतो, त्यात त्यांचा दोष नाही. निघण्याआधी फोन करून विचारा, ससे-गिनी पिग बघता का? परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, उदगीरलाही आहे. सेलू, जिंतूर, गंगाखेडकडच्यांनी थेट परभणी गाठलेली बरी. दवाखान्यात जाताना खोक्यात गवत टाका आणि सोबत ताज्या लेंड्या एका डबीत घ्या. शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, हे लिहून न्या. मोटारसायकलच्या डिक्कीत घालून नेऊ नका. हे सांगावं लागतं म्हणून सांगतोय.

बिघडतं कशाने

निम्म्याहून अधिक वेळा उत्तर खाण्याच्या भांड्यातच असतं. भाकरी, पोळी, बिस्किट, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे. भाकरी परभणी मोती ज्वारीची असली तरी गिनी पिगसाठी ती पिठाचा गोळाच आहे. लेकरं प्रेमाने देतात, हेही कळतं. पण पिठाने आणि साखरेने आतली आंबवणी बिघडते.

आहारातला ऐंशी टक्के भाग वाळलं गवत हवं, तेही चोवीस तास समोर. थोडे पेलेट आणि मूठभर हिरवा पाला: कोथिंबीर, काकडी, ढोबळी मिरची. पालक रोज नको. कोबी-फ्लॉवरने वायू धरतो. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक आहे, मोठ्यांना रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमने मूतखड्याला निमंत्रण. नवा पाला एकदम वाटीभर टाकू नका, आठवडाभरात हळूहळू वाढवा.

क जीवनसत्त्व माणसासारखंच याच्या शरीरात तयार होत नाही. दर किलो वजनामागे दिवसाला 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं. नाही मिळालं तर सांधे सुजतात, चालायला दुखतं, केस खरबरीत होतात आणि खाणंही सुटतं. 100 ग्रॅम पेरूमध्ये ते 200 मिलिग्रॅमच्या वर असतं, म्हणजे बिया काढलेली छोटी फोड पुरते. पाण्यात टाकायचे थेंब आम्ही ठेवत नाही. उजेडात ते जीवनसत्त्व लवकर उडून जातं आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणी प्यायचा थांबतो. पैसे घेऊन असं काही देणं आम्हाला पटत नाही.

"बांधावर फुकट गवत आहे, तुमचं विकत का घ्यायचं?" हा प्रश्न रास्त आहे. हरळी चालते, मारवेल उत्तमच. पण सोयाबीन-कापसाच्या बांधावर तणनाशक कधी मारलं ते शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कापू नका, आणि गाजरगवताची एक काडीही येऊ देऊ नका. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन गुरं दगावतात, तेही याला नकोत. वाळल्या कडब्याची पानं अधूनमधून चालतील, धांडे टाकू नका. आमचं गवत फवारणी न केलेल्या रानातलं, सावलीत वाळवलेलं, निवडून भरलेलं असतं आणि पिशवीवर भरल्याची तारीख असते. भाव त्या निवडण्याचा आहे. घरी नीट निवडून वाळवता येत असेल तर खुशाल वाळवा, कसं ते दुकानात येऊन विचारा. बुरशीचा वास आलेलं गवत मात्र कुणाचंही असो, फेका. आमचं निघालं तर पिशवी बदलून देऊ.

आणखी एक साधी गोष्ट. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून बाटलीच्या नळीतली गोळी अडकते. बाटली भरलेली दिसते, प्राणी मात्र तहानलेला. पाणी कमी पडलं की खाणंही थांबतं. रोज बोटाने गोळी हलवून थेंब येतो का बघा. आठवड्याला नळी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून धुवा.

एप्रिल-मेमध्ये

सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर गिनी पिगला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे पारा बेचाळीसला जातो. पत्र्याखाली, गच्चीवर, खिडकीच्या उन्हात पिंजरा नको. खालच्या मजल्यावरची फरशीची खोली, कूलरचा झोत थेट अंगावर न येता बाजूने, आणि लाईट गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात. तो आडवा पसरून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तर साध्या पाण्याने पाय-कान ओले करा आणि दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

दुकानात औषध का ठेवत नाही, हे विचारणाऱ्यांना एवढंच: ठेवलं तर तुम्ही डॉक्टरकडे एक दिवस उशिरा जाल. सिरिंज, काटा, पेलेट आणि गवत आमच्याकडे कायम मिळेल. मे महिन्यात चांगलं गवत कमी येतं, तेव्हा नेहमीच्या ग्राहकांनी महिन्याची पिशवी आधी सांगून ठेवावी, नाव लिहून बाजूला काढून ठेवतो.