वजावट आणि टॅक्स क्रेडिट : हायब्रीड मोटारीवरच्या दोन सवलती

हायब्रीड मोटार घेणाऱ्याला सरकार इतक्या रकमेची करसवलत देणार, असे वाचनात आले की आधी एक गोष्ट तपासावी : ती रक्कम उत्पन्नातून वजा होणार की करातून? अमेरिकेत हे दोन्ही प्रकार एकापाठोपाठ अमलात आले, त्यामुळे त्यांतला फरक तिथे स्पष्ट दिसतो.

२००५ अखेरपर्यंत तिथे २,००० डॉलरची वजावट मिळत असे. वजावटीने करपात्र उत्पन्न कमी होते, कर तेवढ्याने कमी होत नाही. म्हणून १५ टक्के दराने कर भरणाऱ्याचे प्रत्यक्षात ३०० डॉलर वाचत आणि ३५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या श्रीमंताचे ७००.

१ जानेवारी २००६ पासून वजावटीची जागा टॅक्स क्रेडिटने घेतली. क्रेडिट थेट देय करातूनच कापले जाते. टोयोटाच्या प्रिअसवर ते ३,१५० डॉलर होते आणि खरेदीदार कोणत्याही टप्प्यात असला तरी आकडा तोच राही. मेख अशी, की ते करापुरतेच वापरता येई : ज्याचा वर्षाचा कर १,८०० डॉलरच निघे, त्याचे उरलेले १,३५० डॉलर बुडत, पुढच्या वर्षी ओढता येत नसत. शिवाय प्रत्येक कंपनीची हायब्रीडची विक्री ६०,००० मोटारींवर गेली की ठरलेल्या मुदतीनंतर क्रेडिट उतरू लागे. टोयोटाने हा आकडा २००६ च्या मध्यालाच गाठला, आणि प्रिअसवरचे क्रेडिट ऑक्टोबर २००६ पासून निम्मे, एप्रिल २००७ पासून पाव व ऑक्टोबर २००७ पासून शून्य झाले. लोकांना जी मोटार सर्वांत जास्त हवी होती तिचीच सवलत आधी आटली, हे मागणी वाढवू पाहणाऱ्या धोरणात मला तरी विचित्र वाटते.

मागणीच्या दृष्टीने मात्र दोहोंत एक दोष सारखाच आहे. मोटारीची पूर्ण किंमत आज मोजावी लागते आणि लाभ मिळतो तो पुढे विवरणपत्र भरताना. याउलट कनेक्टिकटसारख्या काही राज्यांनी विक्रीकरच माफ केला, तेव्हा रक्कम बिलातच कमी झाली. केली सिम्स गॅलगर आणि एरिक म्यूलेगर यांच्या २०११ मधील अभ्यासात, तेवढ्याच मूल्याच्या आयकर क्रेडिटपेक्षा विक्रीकरमाफीचा हायब्रीडच्या विक्रीशी असलेला संबंध कितीतरी पटींनी मोठा आढळला. कर्ज काढून मोटार घेणाऱ्याला तर याचे कारण सांगावे लागत नाही : माफ झालेल्या करावर व्याज चढत नाही, क्रेडिटची रक्कम हाती येईपर्यंत कर्जातच असते.