रक्स शर्की आणि रक्स बलदी : शिबिराचा अर्ज भरण्यापूर्वी

फलकावर ‘बेली डान्सचे सखोल शिबिर’ एवढेच लिहिलेले असले, तर आत नेमके काय शिकवले जाणार आहे याचा पत्ता लागत नाही. इजिप्तमधल्या या नृत्याची रक्स शर्की आणि रक्स बलदी ही दोन रूपे आपल्याकडे एकाच नावाखाली खपतात, आणि वर्धा-यवतमाळकडच्या ज्या मुली मोबाईलवर पाहून कमरेचे झटके उचलतात, त्यांना ही रूपे दोन आहेत याचीही कल्पना नसते. आयुष्यभर शिकवत आलेल्या एखाद्या ज्येष्ठ शिक्षिकेकडे सलग काही दिवस सकाळ-संध्याकाळ शिकण्याची संधी तालुक्याच्या गावी वारंवार चालून येत नाही, म्हणून हा फरक आधी समजून घेतलेला बरा.

रक्स शर्की हे मंचावर वाढलेले नृत्य आहे. नर्तिका बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये कैरोत आपले नृत्यगृह उघडले आणि घरातल्या समारंभात थोड्या जागेत नाचले जाणारे नृत्य मोठ्या वाद्यवृंदासमोर, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे उभे राहिले. मंच भरायचा म्हणजे नर्तिकेला चालावे, फिरावे, गिरक्या घ्याव्या लागणार. त्यासाठी लागणारी उचललेली छाती, टाचा वर घेऊन टाकलेली पावले आणि लांबवलेले हात यांत बॅलेचा वाटा मोठा आहे. बलदी मात्र खेड्यांतून कैरोत पोट भरायला आलेल्या माणसांच्या वस्त्यांत घडले. त्याला शेतकऱ्यांचे लोकनृत्य म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात, पण त्याला शहराची हवा लागलेली आहे, आणि त्यात वाजणारे अकॉर्डियन तर युरोपातून आलेले आहे. आपल्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) दंडार या लोकनाट्याच्या परंपरेतून मंडपातले संगीत नाटक उभे राहिले आणि तरीही दंडार दंडारच राहिली, तसेच काहीसे या दोघांचे नाते आहे.

घोटाळा होतो तो हालचाली सारख्या असल्यामुळे. कंबर एका बाजूने उचलून खाली सोडण्याची साधी हालचाल घ्या. शर्कीत त्या पायाची टाच वर असते, बरगड्या वर ओढलेल्या असतात आणि कंबर उचलली जाते तो क्षण डोळ्यांत भरतो. बलदीत तळवा जमिनीला टेकलेला, गुडघे सैल आणि वजन खाली मुरलेले असते. कंबर पडते तेव्हा ती जमिनीवर ठेवल्यासारखी वाटते, आणि बघणाऱ्याचे लक्ष त्या पडण्याकडे जाते. निंदण आणि कापूस वेचणी करून आलेल्या बायकांना बलदीची ही बैठक चटकन साधते असे मी पाहिले आहे, कारण वाकून, उकिडवे बसून काम करताना वजन खाली सोडायची सवय शरीराला आधीच असते. त्याच बायकांना छाती उचलून, टाचा वर घेऊन चालायला सांगितले की खांदे कानापर्यंत जातात. शाळा-कॉलेजातल्या मुलींचे बहुधा याच्या उलट होते, आणि त्यातलीच एखादी कुरकुरते, “मॅडम, ह्याच्यात तं पायच हालत नाही, मंग नाच कुठी आहे?”

या प्रश्नाचे उत्तर संगीतात आहे. इजिप्तचा तबला म्हणजे आपली तबला-डग्ग्याची जोडी नव्हे. ते सुरईच्या आकाराचे, एकाच तोंडाचे, मांडीवर आडवे धरून वाजवायचे वाद्य आहे. त्याचा मधला भारी बोल ‘दुम’ आणि काठावरचा कोरडा बोल ‘तेक’. मक्सूम हा ठेका आठ मात्रांत ‘दुम, तेक, रिकामी, तेक, दुम, रिकामी, तेक, रिकामी’ असा चालतो, तर बलदी ठेक्यात दुसऱ्या मात्रेवरही दुम पडतो. बदल एकाच बोलाचा आहे, पण सुरुवातीलाच लागोपाठ दोन भारी ठोके आल्यामुळे अंग आपोआप खाली बसते. टाळी वाजवून दोन्ही ठेके एकापाठोपाठ म्हणून पाहिले, तर पाय न हलवताही हे कळते.

तरीही ठेका ओळखला म्हणजे बलदी आले असे होत नाही. त्याची खरी कसोटी अकॉर्डियनच्या आलापात लागते. अरबी सुरावटीतले पाव स्वर, म्हणजे लगतच्या दोन सुरांच्या मधले सूर, निघावेत म्हणून तिकडे हे वाद्य मुद्दाम वेगळे जुळवून घेतात. सुरुवातीला ठेका नसतो. वादक सूर लांबवतो, मध्येच थांबतो, आणि नर्तिकेने त्या थांबण्यातही उभे राहायचे असते. मग तबल्याशी सवाल-जवाब सुरू होतो, हळूहळू ठेका स्थिरावतो आणि लय चढत जाते. पुढचा सूर किती लांबेल हे आधी ठरलेले नसल्यामुळे एक-ते-आठ मोजून पाठ केलेली रचना इथे टिकत नाही. शर्कीत प्रवेशापासून शेवटपर्यंत रचना आखता येते. मोहम्मद अब्देल वहाब यांनी नजवा फौद यांच्यासाठी १९७६ मध्ये जी सुरावट बांधली, ती खास एका नर्तिकेच्या मंचप्रवेशासाठी केलेली होती.

दोघांमधली सीमा मात्र कुंपण घातल्यासारखी नाही. शर्कीच्या मोठ्या कार्यक्रमात मध्येच बलदीचा तुकडा येतो, आणि मोबाईलवर तेवढाच तुकडा पाहणाऱ्याला तेच शर्की वाटते. मसाबनींच्याच नृत्यगृहातून पुढे आलेल्या दोन नर्तिकांपैकी सामिया गमाल मंचभर वावरत असत, तर ताहिया कारिओका जागच्या जागी नाचून नजर खिळवत. फिफी अब्दू यांनी तर साध्या गलाबियातले (पायघोळ झग्यातले) बलदी मोठ्या मंचावर गाजवले. म्हणून पोशाखावरून ओळखण्याच्या भानगडीत मी पडत नाही. शिबिरात तर सगळ्याच जणी टी-शर्टवर कमरेला ओढणी बांधून उभ्या असतात. महमूद रेडा यांच्या १९५९ पासूनच्या पथकाने मंचासाठी बसवलेली लोकनृत्ये हा तिसरा प्रकार आहे, त्याला या दोघांत ओढू नये.

शिबिराची तयारीही यावरून बदलते. शर्कीसाठी वही न्यावी, कारण एका दिवसात लांबलचक रचना अंगावर येते आणि रात्री लिहून काढली नाही तर सकाळी अर्धी विसरलेली असते. लग्नसराई नसताना भाड्याने मिळणाऱ्या मंगल कार्यालयाची फरशी खरखरीत असेल, तर गिरक्यांनी तळपायाला फोड येतात. सतरंजी अंथरली तर ती पायात गुंडाळली जाते, तेव्हा पातळ तळव्याचे मऊ बूट जवळ असावेत. बलदीच्या शिबिरात वही बहुतेक मिटलेलीच राहते. तिथे मुरलेल्या शिक्षिका पहिला बराच वेळ नुसते ऐकायला बसवतात, आणि पैसे भरून नाचायला आलेल्या मुलींना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते त्याच बैठकीचे पैसे सर्वांत जास्त वसूल होतात, कारण मांड्या भरून आल्यावर, तिसऱ्या प्रहरी, कान तयार नसलेले शरीर पाठ केलेल्या हालचालींकडे धाव घेते.

आयोजकांना फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात : शेवटच्या दिवशी बसवलेली रचना सादर करायची आहे की प्रत्येकीने आलापावर एकटीने उभे राहायचे आहे, आणि ठेक्याला तबलावादक असणार की केवळ स्पीकर. रचना आणि स्पीकर असे उत्तर आले, तर फलकावर बलदी लिहिले असले तरी तयारी शर्कीची करावी.