पूल वेगळा, कॉजवे वेगळा

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, थेट अटलांटिकच्या तोंडावर आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे दोनशे किलोमीटर. या बेटांबद्दल कुणी काही सांगायला लागलं की एक वाक्य हमखास येतं: ‘ही बेटं आता पुलांनी एकमेकांना जोडली आहेत.’ व्हिडिओत गाडी दगडी भरावावरून चाललेली स्पष्ट दिसत असते, दोन्ही बाजूंना धोंडे रचलेले असतात आणि निवेदक सांगत असतो, ‘आता आपण समुद्रावरचा पूल ओलांडतोय.’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. बर्नेरेपासून एरिस्केपर्यंत, म्हणजे माळेच्या मधल्या मोठ्या भागात, गाडी सलग जाते ती कॉजवेंमुळे. बर्नेरे ते नॉर्थ यूइस्ट कॉजवे, नॉर्थ यूइस्टहून ग्रिमसेमार्गे बेंबेक्युला कॉजवे, बेंबेक्युला ते साउथ यूइस्ट कॉजवे, तिथून एरिस्केलाही कॉजवेच. पूल आहेत, पण ते वेगळ्या ठिकाणी: हॅरिसला लागून असलेल्या स्कॅल्पेला आणि लुईसला लागून असलेल्या ग्रेट बर्नेराला.

कुणी म्हणेल, शब्दाचा एवढा कीस कशाला पाडायचा? रस्ता झाला, गाडी गेली, पुरे. पण साउथ यूइस्टच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. त्याच्यासाठी हा शब्दांचा प्रश्न नाही, पाणी कुठवर चढतं याचा प्रश्न आहे.

पूल म्हणजे काय ते सांगत बसत नाही. खांब, त्यांवर गाळे, गाळ्यांवर रस्ता. सगळ्यांनी पाहिलेला आहे. खरी अडचण ‘कॉजवे’ या शब्दाची. मराठीत तो आपण नदी-ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलासाठी वापरतो, पावसाळ्यात ज्याच्यावरून पाणी जातं आणि एसटी अलीकडेच थांबते त्यासाठी. तोच अर्थ डोक्यात ठेवून हेब्रिडीजकडे पाहिलं की कॉजवे म्हणजे ‘जरा बुटका पूल’ असं वाटतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. समुद्रातला कॉजवे हा पूल नव्हेच. तो बांध आहे. उथळ पाण्यात दगड ओतायचे, तळापासून भराव वर आणायचा, लाटांच्या बाजूंनी मोठे धोंडे रचायचे आणि माथ्यावर डांबरी रस्ता करायचा. खाली पोकळी नाही. पाणी जायला ठेवलीच तर मधे एखादी मोरी किंवा छोटासा गाळा.

किरकोळ फरक भराभर सांगतो. उथळ पाण्यात कॉजवे स्वस्त पडतो, खोल पाण्यात पूल. कारण भरावाला लागणारा दगड खोलीबरोबर झपाट्याने वाढतो. पुलाचं लोखंड खाऱ्या हवेत गंजतं, सांधे-बेअरिंग बदलावी लागतात; कॉजवेचे धोंडे वादळात सरकले तर पुन्हा रचले की झालं. पुलाखालून होडी जाते, कॉजवेतून जात नाही. आणि म्हातारा पूल वजन पेलेनासा होतो, भरावाला वजनाचं भय नाही. ग्रेट बर्नेराचा 1953 चा पूल असाच थकला, जड वाहनांवर बंदी घालावी लागली आणि 2021 मध्ये शेजारी नवा पूल उभा राहिला. एवढं पुरे.

आता मुख्य मुद्दा. पूल झाला तरी सामुद्रधुनी सामुद्रधुनीच राहते. कॉजवे झाला की तिची सामुद्रधुनी उरत नाही, एकमेकांकडे पाठ केलेल्या दोन बंद खाड्या होतात. पूल समुद्राच्या वरून जातो, कॉजवे समुद्राचा नकाशाच बदलतो. गाडीतून जाणाऱ्याला दोन्हींत फरक जाणवत नाही, म्हणून तो गाडीत बसून कळणारही नाही. तो पाण्याकडे बघूनच कळतो.

बेंबेक्युला आणि साउथ यूइस्ट यांच्यामध्ये साउथ फोर्ड नावाचा उथळ, वाळूचा पट्टा आहे. फोर्ड म्हणजे उतार. जुन्या काळी ओहोटी लागली की लोक याच उतारातून पायी, घोड्यावर, गाडी वगैरे जे असेल ते घेऊन पलीकडे जायचे. भरतीची वेळ चुकली तर जीव जायचा. या पट्ट्याच्या पश्चिमेला उघडा अटलांटिक, पूर्वेला मिंच हा आतला समुद्र. दोन्हीकडच्या भरतीची वेळ आणि उंची तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे पाणी या बाजूनं त्या बाजूला वाहतं.

दुसऱ्या महायुद्धात बेंबेक्युलावर हवाई दलाचा तळ झाला आणि 1942 मध्ये या उतारावर पूल बांधला गेला. खरा पूल, खांबांवरचा. पाणी त्याच्या खालून पूर्वीसारखंच ये-जा करत राहिलं. चाळीसेक वर्षांत तो अरुंद आणि कमकुवत पडला, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या जागी कॉजवे आला. दळणवळणाच्या दृष्टीनं सुधारणाच: रस्ता रुंद झाला, वजनाची चिंता गेली. पण पूल जाऊन त्याच्या जागी बांध आला, हे नकाशावर दिसत नाही. नकाशावर आधीही एक रेघ होती, नंतरही एकच रेघ आहे.

11 जानेवारी 2005 च्या रात्री या बेटांवर भयंकर वादळ आलं. ताशी 160 किलोमीटरहून जोराचे झोत होते. कॉजवेच्या दक्षिणेकडच्या वस्तीतलं एक कुटुंब, तीन पिढ्यांतली पाच माणसं, घरात पाणी शिरेल म्हणून गाड्या घेऊन निघालं आणि समुद्रानं त्यांना ओढून नेलं. पाचही जण गेले. त्यानंतर तिथल्या लोकांनी जी मागणी लावून धरली ती हीच: कॉजवेमुळे पाणी अडतं, तुंबतं आणि आमच्या बाजूला चढतं, तो फोडून मोठे गाळे काढा.

त्या रात्रीच्या पाण्यात कॉजवेचा वाटा नेमका किती, हे मी इथून ठरवणार नाही. पण लोक म्हणत होते ते भौतिकशास्त्राला धरून होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. वादळात समुद्र दोन कारणांनी फुगतो. एक, हवेचा दाब उतरला की पाणी वर येतं, दर मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर. दाब पन्नास मिलिबारनं पडला तर अर्धा मीटर पाणी आधीच चढलेलं. दोन, वारा पाणी ढकलतो. खोल समुद्रात ढकललेलं पाणी तळाकडून परत फिरतं, उथळ जागी त्याला परतायला वाटच नसते, म्हणून ते पुढे पुढे साचतं. म्हणजे पाणी जितकं उथळ तितका फुगवटा जास्त. आता ध्यानात घ्या, कॉजवे बांधायला स्वस्त पडतो तो नेमका याच उथळ जागी. आणि त्यातून उधाणाची भरती असेल तर? पूर्वी हे साचलेलं पाणी उतारावरून पलीकडच्या समुद्रात सांडत असे. कॉजवेनं ती वाटच बंद केली. मग पाणी बाजूला पसरतं, आणि या बेटांची पश्चिम बाजू सपाट आहे: शंखशिंपल्यांच्या वाळूवर तयार झालेली कुरणं, ज्यांना तिथे मॅखर म्हणतात. पसरणाऱ्या पाण्याला अडवायला तिथे फार काही नाही.

‘पण मोऱ्या ठेवल्या असतील ना?’ हा पुढचा प्रश्न असतो, आणि गोंधळाची दुसरी गाठ इथे आहे. मोरी ठेवली म्हणजे कॉजवेचा पूल होत नाही. रोजच्या भरती-ओहोटीला पुरेल एवढी मोरी आणि वादळाच्या रात्री पुरेल एवढा गाळा या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. एक किलोमीटर रुंदीच्या उतारात तुम्ही दहा-वीस मीटर उघडे ठेवले तर भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पाणी निवांत ये-जा करेल आणि पाहणाऱ्याला वाटेल, छान चाललंय. मोरीच्या तोंडाशी उभं राहून बघा. भरती अर्ध्यावर आली की एका बाजूला पाणी वर, दुसऱ्या बाजूला खाली, आणि मधे पाणी इतक्या जोरात घुसतं की त्याची धार, तिच्यावरचा फेस आणि पलीकडे उठणारा भोवरा सगळं स्पष्ट दिसतं. तो आवाजच सांगतो की पाण्याला वाट अपुरी पडतेय. खांबांच्या पुलाखाली हे दृश्य दिसत नाही.

हे पाणमांजराला आपल्याआधी कळतं. या कॉजवेंवर पाणमांजरं रस्ता ओलांडतात, जपून चालवा असे फलक आहेत, आणि लोक त्यांचे हौसेनं फोटो काढतात. पण पाणमांजर मुळात रस्त्यावर येतं कशाला? मोरीत धार जोराची असली की ते आतून जाऊ शकत नाही, म्हणून दगडांवरून वर चढतं आणि रस्ता ओलांडतं, आणि तिथेच गाडीखाली सापडतं. बर्नेरेचा कॉजवे 1999 मध्ये रीतसर खुला झाला, त्यात पाणमांजरांसाठी आणि माशांसाठी वाटा ठेवल्या आहेत. नॉर्थ यूइस्ट ते बेंबेक्युला हा नॉर्थ फोर्डचा कॉजवे 1960 मध्ये खुला झाला, त्या काळात असा विचार कुणी फारसा करत नव्हतं.

एकही मोरी नसलेला कॉजवे काय करतो हे पाहायचं असेल तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांकडे बघा. 14 ऑक्टोबर 1939 ला जर्मन पाणबुडी यू-47 तिथल्या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरली आणि तिनं ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली. आठशेहून जास्त माणसं गेली. मग चर्चिलच्या आदेशावरून पूर्वेकडच्या चार वाटा बांध घालून बुजवायचं ठरलं. काम इटालियन युद्धकैद्यांकडून करून घेतलं. युद्धाच्या कामाला कैदी लावता येत नसत, म्हणून कागदोपत्री उद्देश लिहिला गेला तो दक्षिणेकडच्या बेटांचं दळणवळण सुधारण्याचा. सहासष्ट हजार काँक्रीटचे ठोकळे, पाच आणि दहा टनांचे. पाणबुड्या अडवण्यासाठी बांधलेली ही गोष्ट 1945 पासून रस्ता म्हणून वापरात आहे. आज वादळात लाटा माथ्यावरून कोसळतात आणि रस्ता बंद करावा लागतो. चौथ्या बांधाच्या पूर्व बाजूला तर इतकी वाळू साचली आहे की तिथे टेकड्या आणि पुळण तयार झाली. पाहणाऱ्याला खाली बांध आहे हे सांगावं लागतं. प्रवाह थांबला की वाळू थांबते. यालाही लोक ‘ऑर्कनीचे पूल’ म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण पूल ज्यासाठी असतो त्याच्या बरोबर उलट काम त्यांनी केलंय.

मी कॉजवेच्या विरोधात आहे असा समज करून घेऊ नका. उलट ‘कॉजवे म्हणजे गरिबाचा पूल’ हे वाक्य मला तितकंच खटकतं. माळेच्या दक्षिण टोकाकडे बारा नावाचं बेट आहे, त्याच्या दक्षिणेला व्हॅटरसे हे लहानसं बेट आहे. तिथली गुरं विकायची तर बोटीमागे दोर बांधून पोहवत पलीकडे न्यावी लागत. 1986 मध्ये बर्नी नावाचा एक चांगल्या जातीचा वळू असाच पोहताना बुडाला, बातमी सगळीकडे गेली आणि जोडरस्त्याच्या मागणीला जोर आला. 1991 मध्ये कॉजवे झाला. बेट रिकामं होत चाललं होतं, ते सावरलं. तिथे भव्य पुलाचा हट्ट धरला असता तर लोक पैशांची वाट बघत बसले असते. स्कॅल्पेची गोष्ट निराळी. तिथली सामुद्रधुनी अरुंद पण खोल, होड्यांच्या वाटेची. तिथे 1997 मध्ये सुमारे 300 मीटरचा पूल झाला आणि तेच योग्य होतं.

माझं ठाम मत असं की उथळ उतारावर कॉजवेच करावा, पण पाणी जिथे मुळात जोरात वाहतं त्या भागात भराव न टाकता तिथे खरे, रुंद गाळे ठेवावेत. आणि किती ठेवायचे ते उधाण आणि वादळ एकत्र धरून ठरवावं, खर्चाच्या रकान्यात काय उरलं ते बघून नव्हे. नंतर कॉजवे फोडून गाळा काढणं म्हणजे चालू रस्ता बंद करणं. बेटावर दुसरा रस्ता नसतो, म्हणून ते काम पुढे ढकललं जातं.

जाता जाता आणखी एक घोळ. हे सगळे कॉजवे बेटाला बेट जोडतात, मुख्य भूमीला नाही. मुख्य भूमीवरच्या उल्लापूल गावाहून लुईसवरच्या स्टॉर्नोवेला आजही बोटच जाते. माळेच्या आतसुद्धा दोन ठिकाणी फेरीबोट लागते: हॅरिस आणि बर्नेरेमध्ये, आणि एरिस्के आणि बारामध्ये. हॅरिसची सामुद्रधुनी रुंद, उथळ आणि खडकांनी भरलेली. बोट त्यातून नागमोडी वाट काढत तासभर घेते. तिथे कायमचा रस्ता व्हावा अशी चर्चा निघते तेव्हा आपल्याकडच्या बातमीत ‘पूल’ एवढाच शब्द येईल. तो वाचलात तर पुढे एकच शोधा: किती मीटर खांबांवर आणि किती मीटर दगडावर.